अन्नवस्त्र नको, वाटा पाहिजे

(जिल्ह्यातल्या कॉलेजच्या पोरापोरींच्या बैठकीत बुलडाण्यात केलेलं भाषण. बोललं गेलं तसंच ठेवलं आहे.)



माझ्या नावापुढं विषय छापलाय, 'कॉलेजातले कर्णबधिर विद्यार्थी'. तो वाचून दोघातिघांनी मघाशी मला टपरीवर गाठलं. म्हणाले, भाऊ, आपले प्रश्न कमी हायेत काय? शिष्यवृत्ती वेळेवर येत नाही, वसतिगृहात जागा नाही, जात पडताळणीच्या हेलपाट्यात चपला झिजल्या. त्यात हे कानाचं काहून काढलं? हे तर क्लबवाल्या दानशूर लोकांचं काम.

त्यांना मी तिथं उत्तर दिलं नाही. इथं सगळ्यांसमोर देतो. हे दानशूरांचं काम होऊन बसलं, म्हणूनच मी बोलायला उभा आहे.

मनुस्मृतीचा नववा अध्याय काढा. १९२७ साली २५ डिसेंबरला महाडात बाबासाहेबांनी जी जाळली, तीच मनुस्मृती. नवव्या अध्यायात वाटणीचे नियम आहेत. बापाच्या मालमत्तेत कुणाला वाटा द्यायचा नाही याची यादी आहे. त्या यादीत जातीतून बाहेर टाकलेला आहे, जन्मांध आहे, वेडा आहे, मुका आहे आणि बहिराही आहे. यांना वाटा नाही. आणि लगेच पुढच्या श्लोकात मनू दयाळू होतो. सांगतो, शहाण्या माणसानं यांना ऐपतीप्रमाणं अन्नवस्त्र द्यावं.

ही भाषा ओळखीची वाटते की नाही? आपल्या आजा-पणज्यालाही गावानं हेच सांगितलं. शिळा तुकडा घे, मेलेल्याच्या अंगावरचं कापड घे, जमीन मागू नको. अन्नवस्त्र दिलं, वाटा दिला नाही. आणि गौतमाच्या धर्मसूत्रानं तर वेद ऐकणाऱ्या शूद्राच्या कानात वितळलेला धातू आणि लाख ओतायची शिक्षा सांगितली. म्हणजे ज्याचे कान शाबूत होते त्याचे बंद करायचे, आणि ज्याचे जन्मापासून बंद होते त्याला घरातल्या घरात बेदखल करायचं. ज्ञान आणि मालमत्ता कुणाच्या हाती ठेवायची, एवढाच या सगळ्याचा हिशोब. म्हणून सांगतो, बहिऱ्या माणसाचा प्रश्न आपल्या दारात कुणी बाहेरून आणून ठेवलेला नाही. तो आपल्याच पानावर, त्याच शाईनं लिहिलेला आहे.

वाटणीतला हा अन्याय कायद्यानं मोडायला १९२८ साल उजाडलं. बहिऱ्या, मुक्या, आंधळ्या माणसाचा वारसाहक्क त्या साली मान्य झाला. पुढं हिंदू कोड बिलासाठी बाबासाहेब झगडले, ते बिल रखडवलं म्हणून १९५१ च्या सप्टेंबरात त्यांनी मंत्रिपद सोडलं. त्याच बिलाचे तुकडे करून जे कायदे झाले त्यातला एक १९५६ चा वारसा कायदा. त्यात साफ लिहिलंय की कुठल्याही रोगामुळं किंवा व्यंगामुळं माणसाचा वाटा बुडत नाही.

शेताचा, घराचा वाटा कागदावर तरी मिळाला. पण आजच्या काळात खरी मालमत्ता कुठं आहे? ती कॉलेजात आहे. डिग्रीत आहे. आणि तिथं बहिऱ्या पोराला आजही मनूच्याच हिशोबानं वागवतात. अन्नवस्त्र देतात, वाटा देत नाहीत.

कसं ते पाहा. ३ डिसेंबरला जागतिक दिव्यांग दिन असतो. मंडप पडतो, पुढारी येतो, कानाच्या मशीन वाटतात, फोटो निघतो. दुसऱ्या दिवशी तोच पोरगा वर्गात जाऊन बसतो. वर टिनपत्रे, दोन पंखे खडखडतात, बाहेर फटफटी, शंभर पोरांचा गलका. मशीन नुसतं शब्द मोठा करत नाही, ती हा सगळा आवाज मोठा करून कानात ओतते. मशीन म्हणजे चष्मा नव्हे, की घातला आणि स्पष्ट दिसलं. त्यात तिचे सेल आठ-पंधरा दिवसांत संपतात. मशीन फुकट मिळाली तरी सेल कोण देणार? सोयाबीन काढायला जाणारी माय? मग मशीन पेटीत जाते आणि पोरगा ओठांकडं बघत बसतो.

ओठांवरून समजतं असं लोकांना वाटतं. आता आरशासमोर उभं राहा आणि आवाज न काढता बोला: पाप, बाप, माप. तिन्हीला ओठ सारखेच मिटतात. क, ख, ग तर घशाजवळ होतात, ओठांवर त्यांचा पत्ताच नाही. म्हणजे ओठ वाचणारा माणूस अर्धं बघतो आणि अर्धं अंदाजानं भरतो. घरी वऱ्हाडी, शाळेत पुस्तकी मराठी, कॉलेजात अर्धं इंग्रजी, असा अंदाज तरी किती करायचा? त्यात मास्तर फळ्याकडं तोंड करून बोलतो. वर्गात येरझाऱ्या घालत बोलतो. २०२० च्या कोरोनात तर सगळ्या जगाची तोंडंच मास्कमागं गेली. तासाभरात पोराचे डोळे दुखतात, डोकं भणभणतं. मग तो मागच्या बाकावर जातो, मग वर्गाबाहेर, मग गावाकडं. कॉलेजच्या वहीत लिहितात, 'गैरहजर'. तो गैरहजर नव्हता, तो हजर होता. तुमचं शिकवणं त्याच्यापर्यंत हजर झालं नाही.

मित्रहो, हे चवदार तळ्यासारखं आहे. मुंबई कायदेमंडळात १९२३ साली बोले यांचा ठराव झाला, सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले. महाडच्या नगरपालिकेनंही तळं खुलं केलं. कागद झाला. पण पाण्याला हात कुणी लावला? त्यासाठी २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांना तळ्याच्या पायऱ्या उतराव्या लागल्या. प्रवेश मिळणं हा ठराव आहे. शिकवलेलं समजणं हे पाणी आहे. बहिऱ्या विद्यार्थ्याच्या बाबतीत आपण अजून ठरावापाशीच उभे आहोत.

ठराव म्हणजे कायदा काय म्हणतो तेही ऐका, कारण कायदा माहीत नसलेला कार्यकर्ता ऑफिसात जाऊन हात हलवत परत येतो.

२०१६ चा दिव्यांग हक्क कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. सरकारी आणि अनुदानित कॉलेजात किमान ५ टक्के जागा, वयात ५ वर्षांची सूट. सरकारी नोकरीत ४ टक्के, त्यातला १ टक्का बहिऱ्या आणि कमी ऐकू येणाऱ्यांचा. दोन्ही कानांना ७० डेसिबलचं नुकसान असेल तर कायद्यात तो बहिरा, ६० ते ७० असेल तर कमी ऐकू येणारा. आता आपलं साधं बोलणं असतं ६० डेसिबलच्या आसपास. म्हणजे ज्याचं नुकसान ५० आहे तो कायद्याच्या कुंपणाबाहेर, आणि वर्गाच्याही बाहेर, कारण मागच्या बाकावर मास्तरचा आवाज त्याच्यापर्यंत पोचतच नाही. कार्ड नसलेली अशी पोरं कितीतरी जास्त असणार. लहानपणी कान वाहिला, कुणी तेल ओतलं, कुणी काडी घातली, दवाखाना लांब, मजुरी बुडते. कान फुटला तो फुटलाच. कुणी जिनिंगमध्ये, कुणी खडी मशीनवर, कुणी बँडमध्ये कान घालवून बसलाय. ही कामं कुणाच्या वाट्याला येतात ते मी तुम्हाला सांगायला नको. गरिबीनं कान जातो, आणि कान गेल्यावर गरिबी पक्की होते.

परीक्षेचं बघा. केंद्राच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनेप्रमाणं तासाला किमान २० मिनिटं जादा वेळ मिळतो. तीन तासांच्या पेपरला एक तास. हा उपकार नाही. सुप्रीम कोर्टानं फेब्रुवारी २०२१ मध्ये विकास कुमार खटल्यात सांगितलं की अशी सोय नाकारणं म्हणजेच भेदभाव करणं. ऑक्टोबर २०२४ मध्ये ओंकार गोंड खटल्यात सांगितलं की नुसता टक्क्याचा आकडा बघून कुणाला डॉक्टरकीचा प्रवेश नाकारता येणार नाही, त्याला काय जमतं ते तपासा. त्या पोराला बोलण्याचं अपंगत्व होतं. तो कोर्टात गेला म्हणून त्याला जागा मिळाली. सप्टेंबर २०२३ मध्ये सारा सनी नावाच्या कर्णबधिर वकील बाई दुभाष्याच्या मदतीनं खुणांच्या भाषेत सुप्रीम कोर्टापुढं उभ्या राहिल्या. देशाच्या सगळ्यात वरच्या कोर्टाला हे जमतं, तर तालुक्याच्या कॉलेजाला काहून जमू नये?

आणि आणखी एक कलम, ९२ वं. चार लोकांसमोर दिव्यांग माणसाचा जाणूनबुजून अपमान केला, तर सहा महिने ते पाच वर्षं शिक्षा. या कलमातले शब्द आणि १९८९ च्या अट्रॉसिटी कायद्यातले शब्द शेजारी ठेवून वाचा. जवळपास तेच शब्द आहेत. 'काहून बे, बहिरा हायेस काय?' असं वर्गात ओरडून पोरं हसवणाऱ्याला हे दोन्ही कायदे दाखवा.

आता आपल्या पोराचं बोलू. बौद्ध, मांग, चांभार घरातला बहिरा पोरगा. त्याला दोन कागद लागतात, जातीचा आणि कानाचा. दोन ऑफिसं, दोन रांगा, दोन पोर्टल. कानाच्या तपासणीला जिल्ह्याला यायचं. संग्रामपूरचा असला तर दोन गाड्या बदलायच्या. पुकारा तोंडी होतो, त्याला ऐकू येत नाही, नंबर जातो, पुढच्या तारखेला या. जातीच्या ऑफिसात त्याला म्हणतात, तुम्ही दिव्यांगमध्ये बसा. दिव्यांगच्या टेबलावर म्हणतात, तुम्हाला समाजकल्याणचं मिळतं की. दोघांनी मिळून त्याला मधल्या व्हरांड्यात बसवलं.

तर हे पाठ करा. १९९२ च्या इंद्रा साहनी निकालानं सांगितलंय की जातीचं आरक्षण उभं आणि अपंगांचं आडवं. दोन्ही एकमेकांना छेदतात. एक घेतलं म्हणून दुसरं जात नाही. आणि एप्रिल २०२१ मध्ये पाटण जमाल वली खटल्यात कोर्टानं एका अंध दलित बाईवरच्या अत्याचाराचा विचार करताना मान्य केलं की जात, बाई असणं आणि अपंगत्व ही एकात एक गुंतलेली असतात, वेगवेगळी करून तोलता येत नाहीत. आपल्या वस्तीतल्या बहिऱ्या पोरीला बारावीनंतर घरी का बसवतात? मायबाप वाईट नसतात. एसटी स्टँडवर कुणी मागून आलं तर तिला कळणार नाही, काही झालं तर तिला ठाण्यात सांगता येणार नाही, ही भीती असते. ती भीती खोटी नाही. म्हणून त्या पोरीसोबत जाणाऱ्या मैत्रिणी आणि ठाण्यात खुणांच्या भाषेचा दुभाषी, ही तिच्या शिक्षणाचीच मागणी आहे.

आता थोडं दूरचं बोलतो, पण ते आपल्या घरातलंच आहे. १९७२ साली मुंबईत दलित पँथर निघाली, तिचं नाव अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून घेतलं. त्या ब्लॅक पँथरनं अपंगांच्या लढ्यात काय केलं ते आपल्यात फार सांगितलं जात नाही. तिकडं १९७३ साली अपंगांशी भेदभाव करू नये असं कलम झालं, ५०४ नंबरचं. पण त्याच्या नियमावर सरकार सही करीना. चार वर्षं कागद पडून. एप्रिल १९७७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत शंभरावर अपंग माणसं सरकारी इमारतीत घुसली आणि तिथंच बसली. तीन आठवड्यांहून जास्त बसली. सरकारनं टेलिफोन तोडले. तेव्हा बहिरे कार्यकर्ते खिडकीत उभे राहिले आणि खुणांच्या भाषेत खाली रस्त्यावरच्या साथीदारांना निरोप देऊ लागले. ऐकू येणाऱ्यांचं तोंड बंद झालं तेव्हा बहिऱ्यांची भाषा लढ्याच्या कामी आली! आणि जेवण कोण आणत होतं? ब्लॅक पँथर. रोज गरम जेवण. त्यांचा ब्रॅड लोमॅक्स नावाचा साथी व्हीलचेअरवर आत बसलेला होता. शेवटी सही झाली. पँथरनं तिथं दान वाटलं नाही. लढणाऱ्याला जेवू घातलं, कारण लढा एक होता.

दुसरी गोष्ट. वॉशिंग्टनमध्ये बहिऱ्यांचं गॅलोडेट विद्यापीठ आहे, १८६४ पासूनचं. सव्वाशे वर्षं होत आली तरी त्याचा प्रमुख कायम ऐकू येणारा. १९८८ च्या मार्चमध्ये पुन्हा तसाच प्रमुख नेमला, तेव्हा पोरांनी विद्यापीठाचे दरवाजे बंद केले. आठवडाभरात नेमणूक मागं घ्यावी लागली, आणि पहिला बहिरा अध्यक्ष आला. यातून घ्यायचं ते हे: आपण त्यांचे वकील व्हायचं नाही. अस्पृश्यांचे पुढारी आम्हीच असं म्हणणारे सवर्ण पुढारी आपल्याला चालले नाहीत ना? मग बहिऱ्यांच्या वतीनं बोलणारे आपणही त्यांना चालणार नाही. समितीत ते पाहिजेत, नुसते नावाला नाही, दुभाष्यासकट.

शब्दांचंही ठरवा. आपल्याला 'हरिजन' म्हणाले, देवाची माणसं. आपण ते नाव फेकून दिलं, कारण देवाचं नाव देऊन माणसाचा हक्क झाकता येतो. २०१५ च्या डिसेंबरात पंतप्रधानांनी 'दिव्यांग' शब्द पुढं आणला. सरकारी कागदावर तोच चालतो, मीही कलमापुरता वापरला. पण अंगाला दिव्य म्हणायचं आणि दुभाषी द्यायचा नाही, हा जुनाच खेळ आहे. त्यांना काय म्हणायचं ते त्यांनाच विचारा. 'मूकबधिर' मात्र सोडून द्या. बहिरा माणूस मुका नसतो, त्याला भाषा असते, ती हातांची असते. तिला व्याकरण आहे, दिल्लीत २०१५ पासून तिची सरकारी संस्था आहे, तिचा दहा हजार शब्दांचा कोश झालाय. बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० ला 'मूकनायक' काढला, तेव्हा ज्यांना मूक म्हटलं त्यांच्या गळ्यात दोष नव्हता. त्यांचं बोलणं कुणी ऐकून घेत नव्हतं. इथंही तेच आहे. आणि मोर्चातली 'आंधळं बहिरं सरकार' ही घोषणा आजपासून बंद. सरकार बहिरं नाही. त्याला सगळं ऐकू येतं, ते ऐकून घेत नाही. बहिऱ्यांना त्याच्या रांगेत कशाला बसवता?

काही जण म्हणतील, कॉलेजात दोन-तीन पोरं असतात, त्यांच्यासाठी सगळं बदलायचं का? १९४६ साली बाबासाहेबांनी मुंबईत सिद्धार्थ कॉलेज काढलं. नोकरी करणाऱ्या गरीब पोरांना दिवसा येता येत नव्हतं. बाबासाहेबांनी त्यांना नोकरी सोडा म्हटलं नाही. कॉलेज सकाळी भरवलं. पोराला घड्याळाप्रमाणं वाकवलं नाही, घड्याळ पोराप्रमाणं फिरवलं. आपल्याला कॉलेजकडून हेच पाहिजे.

तर आता काम. ते तेराही तालुक्यांत करायचं आहे.

पहिलं, शोधा. तुमच्या कॉलेजात, तुमच्या वस्तीत कोण आहे ते विचारा. शिष्ट, घुम्या, मठ्ठ म्हणून ज्याला बाजूला टाकलाय, त्याला एकदा कानाच्या तपासणीला घेऊन जा. सोबत जा, पुकारा तुम्ही ऐका. बुलडाण्यात ऑक्टोबर २०२४ मध्ये सरकारी मेडिकल कॉलेज सुरू झालं. कानाच्या सगळ्या तपासण्या आणि तपासणारा माणूस तिथं कायमचा असला पाहिजे, ही आपली मागणी.

दुसरं, वही. प्रत्येक वर्गात दोघांनी पाळीपाळीनं स्वच्छ नोट्स काढायच्या आणि त्याच दिवशी त्याला द्यायच्या. कार्बन घाला नाहीतर मोबाइलवर फोटो पाठवा. त्याला पुढचा बाक, उजेड मास्तरच्या तोंडावर. बोललेलं लिहून दाखवणारी सोय आता मोबाइलवर मराठीतही आहे. ती चुकते, वऱ्हाडीला तर फारच, पण शून्यापेक्षा बरी. तो मोबाइल मास्तरच्या टेबलावर ठेवू द्यावा लागेल, त्यासाठी प्राचार्याचं लेखी पत्र घ्या.

तिसरं, मास्तर. फळ्याकडं तोंड करून बोलू नका, नवा शब्द आला की फळ्यावर लिहा, सूचना तोंडी न देता लावा. याला एक पैसा लागत नाही. आणि यानं सगळ्याच पोरांचं भलं होतं. मजुरीला गेल्यानं ज्याचा तास बुडाला, ज्याच्या घरात पहिल्यांदाच कुणी कॉलेजला आलंय, त्यालाही ती वही आणि तो फळा लागतोच.

चौथं, पैसा लागतो ते मागा. दुभाष्याचा पगार, तोंडी परीक्षेऐवजी लेखी, वसतिगृहात घंटेसोबत दिवा. प्रत्येक कॉलेजात समान संधी कक्ष असावा असं यूजीसी सांगते. तो कुठल्या खोलीत आहे, कोण बसतं, शेवटची बैठक कधी झाली, माहितीच्या अधिकारात विचारा. उत्तर आलं नाही तर पुण्याला दिव्यांग आयुक्तांकडं जा. अमरावतीला विद्यापीठावर जायची वेळ आली तर बहिरी पोरं पुढं, आपण मागं.

पाचवं, खुणांची भाषा शिका. आपल्या अभ्यासवर्गात आठवड्याला एक तास, शिकवणारा बहिराच हवा. आणि जयंतीच्या मिरवणुकीत डीजेची भिंत लावून शेजारच्या पोरांचे कान घालवणार असाल, तर आजचं हे भाषण ऐकून काही उपयोग नाही, हेही सांगून ठेवतो.

बाबासाहेबांनी शिका म्हटलं. शिका हा शब्द ज्याच्यापर्यंत पोचला नाही, त्याच्यापर्यंत तो पोचवायचं काम आपलं आहे. कानानं नाही तर डोळ्यानं, हातानं, वहीनं. पुढच्या महिन्यात प्रत्येक तालुक्यानं नावांची यादी आणावी. ज्या तालुक्याची यादी कोरी येईल, त्यानं शोधलंच नाही असं मी धरीन.

जय भीम.